आधी लागणारं आधी पाठवा: ब्रॉडकास्टमध्ये प्रेक्षकाची वाट कशी कमी करतात

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीवर बटण दाबलं की चॅनल तिथल्या तिथे बदलायचं, आणि आता डिजिटल आल्यावर सेकंद-दोन सेकंद काळा पडदा बघत बसावं लागतं, ही तक्रार कधी ना कधी सगळ्यांनीच केलेली असते आणि ती अगदी खरी आहे. चित्र कितीतरी स्वच्छ झालं, चॅनल वाढले, वाट बघणं मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. असं का होतं आणि ती वाट कमी करायला लोकांनी काय काय डोकं लढवलंय ते सांगतो. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग सिनेमाचा आहे, कारण तिथे २० मिनिटांची वाट तेवढ्याच चॅनलमध्ये २ मिनिटांच्या आत आणता येते आणि ती कशी येते हे समजायला शाळेतली बेरीज आणि भागाकार पुरतो. पण आधी रिमोटचं बघू, कारण मूळ अडचण तिथेच नीट दिसते.

ब्रॉडकास्ट म्हणजे एकतर्फी कारभार. पाठवणारा आपला सतत पाठवत असतो, तुम्ही टीव्ही कधी लावलात हे त्याला कळत नाही आणि तुमच्यासाठी तो काही पहिल्यापासून सुरू करत नाही. तुम्ही नेहमी मधेच येऊन पडता. म्हणजे तुमची वाट किती, हे एकाच गोष्टीवर ठरतं, सुरुवात करायला जे लागतं ते पुन्हा कधी येणार आहे.

अ‍ॅनालॉगमध्ये सेकंदाला २५ चित्रं यायची आणि प्रत्येक चित्र स्वतःपुरतं पूर्ण असायचं, त्यामुळे तुम्ही कुठेही घुसलात तरी ४० मिलिसेकंदांत पुढचं चित्र हजर. डिजिटलमध्ये एवढा डेटा पाठवणं परवडत नाही म्हणून चित्र दाबून लहान करतात, आणि ते करायची मुख्य युक्ती म्हणजे पूर्ण चित्र फक्त अधूनमधून पाठवायचं, बाकीच्या फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं एवढंच सांगायचं. त्या पूर्ण चित्राला आय-फ्रेम म्हणतात. आता तुम्ही दोन आय-फ्रेमच्या मधे चॅनल लावलं तर सेट-टॉप बॉक्सकडे "काय बदललं" याची माहिती येत राहते पण कशात बदललं ते माहीतच नाही, मग तो पुढची आय-फ्रेम येईपर्यंत गप्प बसतो. दोन आय-फ्रेममध्ये साधारण अर्धा ते दोन सेकंदांचं अंतर ठेवतात, त्यामुळे सरासरी त्याच्या निम्मा वेळ तरी इथेच जातो.

त्याच्या आधीही काही कामं असतात. डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पॅकेटमध्ये येतो, एकाच प्रवाहात अनेक चॅनल मिसळलेले असतात, त्यातली कुठली पॅकेट आपल्या चॅनलची हे सांगणारे तक्ते आधी वाचावे लागतात, म्हणून ते तक्ते सेकंदाला दहाएक वेळा पुन्हा पुन्हा पाठवले जातात. चॅनल पैसे भरून बघायचं असेल तर कुलूप उघडायची किल्ली लागते, ती साधारण दर १० सेकंदांनी बदलते, पण ती ज्या मेसेजमध्ये येते तो मेसेज सेकंदात बऱ्याच वेळा पाठवतात, नाहीतर नवीन आलेला माणूस किल्लीचीच वाट बघत बसेल. मग बफर, म्हणजे आलेला डेटा साठवायची तात्पुरती जागा, थोडा भरू द्यायचा, नाहीतर चित्र सुरू होऊन लगेच अडखळेल. हे सगळं मिळून तो सेकंद-दोन सेकंदांचा काळा पडदा.

मग आय-फ्रेमच जास्त वेळा का नाही पाठवत? पाठवता येतात, पण आय-फ्रेम बाकीच्या फ्रेमच्या कितीतरी पट मोठी असते, तेवढ्याच जागेत त्या जास्त कोंबल्या की चित्राचा दर्जा उतरतो. म्हणजे जो माणूस तासभर एकच चॅनल बघतोय त्याचं चित्र बिघडवून चॅनल बदलणाऱ्याचा अर्धा सेकंद वाचवायचा, हा सौदा मला तरी पटत नाही. यापेक्षा बरे मार्ग आहेत. बॉक्समध्ये जास्तीचा ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, असेल तर शेजारचं चॅनल आधीच लावून ठेवता येतं, बहुतेक लोक वर-खालीच जातात त्यामुळे हा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. इंटरनेटच्या वायरवरून येणाऱ्या टीव्हीत तर उलट दिशेनेही बोलता येतं, तिथे चॅनल बदललं की एक सर्व्हर नुकत्याच होऊन गेलेल्या आय-फ्रेमपासूनचा भाग फक्त तुमच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त वेगाने पाठवतो, चित्र लगेच सुरू होतं आणि थोड्या वेळात तुम्ही सगळ्यांच्या सामाईक प्रवाहात जाऊन मिळता. २०११ मध्ये आरएफसी ६२८५ नावाच्या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात याची एक पद्धत लिहूनही ठेवली गेली.

हे झालं एक-दोन सेकंदांचं. आता जरा मागे जाऊ, टेलिटेक्स्टकडे, कारण पुढचा विचार तिथून नीट उलगडतो. बीबीसीने १९७४ मध्ये सीफॅक्स नावाची टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली, टीव्हीच्या सिग्नलमधल्या रिकाम्या ओळींमध्ये बातम्या, हवामान, स्कोअर अशी पानं भरून पाठवायची. पानं एकामागून एक चक्राकार फिरत राहायची, तुम्ही नंबर दाबला की ते पान पुन्हा येईपर्यंत थांबायचं. पानं वाढली की चक्र लांबलं आणि वाटही लांबली. मग प्रश्न असा की सगळी पानं सारख्याच वेळा पाठवायची का? जे पान सगळ्यांना हवंय ते चक्रात जास्त वेळा घातलं तर बहुतेकांची वाट कमी होईल हे उघड आहे, पण किती जास्त? १९८५ मध्ये अम्मार आणि वाँग या दोन संशोधकांनी नेमका टेलिटेक्स्टसाठी हा हिशेब केला आणि उत्तर वर्गमुळाचं निघालं. एखादं पान दुसऱ्यापेक्षा १०० पट लोकप्रिय असेल तर ते १० पट वेळा पाठवायचं, १०० पट नाही, कारण तसं केलं तर बाकीच्या पानांची वाट इतकी वाढते की सरासरी १० पटींच्या मानाने बिघडते. मला हा निकाल फार आवडतो, कमी लोकांना हवी असलेली गोष्टही त्यात पूर्ण चिरडली जात नाही.

पण टेलिटेक्स्टमध्ये प्रेक्षक पुढे कुठलं पान मागेल हे माहीत नसतं, फक्त शक्यता माहीत असते. सिनेमात तसं नाही! सिनेमा बघणारा पहिलं मिनिट आधी बघणार, दुसरं नंतर, शंभरावं बरोबर शंभराव्या मिनिटाला. क्रम ठरलेला आहे आणि कधी काय लागणार हेही ठरलेलं आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

समजा १२० मिनिटांचा सिनेमा आहे, खूप लोकांना बघायचाय, प्रत्येकाला वेगळा प्रवाह देणं परवडत नाही आणि तुमच्याकडे ६ चॅनल आहेत. सरळ उपाय म्हणजे तोच सिनेमा सहाही चॅनलवर २०-२० मिनिटांच्या फरकाने लावायचा. दर २० मिनिटांनी सुटणाऱ्या बससारखं आहे हे, चुकली तर पुढची. जास्तीत जास्त २० मिनिटं वाट, सरासरी १०. केबल आणि सॅटेलाइटवर हे खरंच वापरलं गेलं. पण चॅनल वाढवून फार फायदा होत नाही, सातवं चॅनल जोडलं तर वाट २० वरून फक्त १७ मिनिटांवर येते, आणि २ मिनिटांवर आणायची असेल तर ६० चॅनल लागतात.

इथे वाया काय जातंय बघा. सहा चॅनलवर मिळून सिनेमाचं पहिलं मिनिट दर २० मिनिटांनी जातं आणि शेवटचं मिनिटही दर २० मिनिटांनीच जातं. पहिलं मिनिट वारंवार जायला हवं हे बरोबर, कारण नवीन आलेला त्यासाठी अडून बसलाय. पण शेवटचं मिनिट? ते तर प्रत्येकाला सुरू केल्यापासून दोन तासांनी लागणार, दोन तासांत एकदा गेलं तरी सगळ्यांना पुरलं, फक्त बॉक्समध्ये ते साठवून ठेवायची सोय पाहिजे. १९९५-९६ मध्ये विश्वनाथन आणि इमिएलिन्स्की यांनी हे पकडलं आणि सिनेमाचे सारखे तुकडे करायच्या ऐवजी लहान, मोठा, त्याहून मोठा असे तुकडे केले, नाव दिलं पिरॅमिड ब्रॉडकास्टिंग. त्यांच्या पद्धतीत बॉक्सला फार वेगाने डेटा घ्यावा लागायचा, ती त्यातली अडचण, पण दार उघडलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत या विषयात नुसती गर्दी झाली.

समजायला सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे जुहन आणि त्सेंग यांची १९९८ ची फास्ट ब्रॉडकास्टिंग. ३ चॅनल घेऊन करून बघू. सिनेमाचे ७ सारखे तुकडे करा. पहिल्या चॅनलवर तुकडा १ सतत फिरवत ठेवा, दुसऱ्यावर २, ३, २, ३ असं चालू ठेवा, तिसऱ्यावर ४, ५, ६, ७ आणि पुन्हा ४ पासून. तुम्ही आलात, तुकडा १ सुरू होईपर्यंत थांबलात आणि त्या क्षणापासून बॉक्स तिन्ही चॅनल एकदम ऐकायला लागला. समजा तेव्हा दुसऱ्या चॅनलवर तुकडा ३ चाललाय. तुम्ही १ बघता, बॉक्स ३ साठवून ठेवतो. १ संपला की दुसऱ्या चॅनलवर २ सुरू होतो, तो तुम्ही थेट बघता, तो संपला की ३ मेमरीत तयार आहे. तोपर्यंत तिसऱ्या चॅनलवरून ४ ते ७ यातले जे जे जात होते ते साठत होते, आणि चार तुकड्यांच्या वेळात ते चारही एकदा जाऊन होतातच, म्हणजे ४ लागायच्या आधी किंवा अगदी त्याच वेळी मिळतोच मिळतो. कागदावर लिहून कुठूनही सुरू करून बघा, कधीच अडत नाही, खरंच करून बघा.

३ चॅनलमध्ये ७ तुकडे, ४ मध्ये १५, ५ मध्ये ३१, ६ मध्ये ६३. वाट फक्त पहिल्या तुकड्याएवढी. १२० मिनिटांना ६३ ने भागलं की १ मिनिट ५४ सेकंद. तेच ६ चॅनल, तोच सिनेमा आणि २० मिनिटांची वाट २ मिनिटांच्या आत! आणि आता सातवं चॅनल जोडलं तर तुकडे होतात १२७ आणि वाट ५७ सेकंदांवर येते. प्रत्येक नवीन चॅनल वाट अर्धी करतं.

फुकट काही मिळत नाही, याची किंमत बॉक्स भरतो. त्याला सहाही चॅनल एकदम घ्यावे लागतात आणि सगळ्यात जास्त भरतो तेव्हा जवळजवळ अर्धा सिनेमा त्याच्या पोटात असतो, म्हणजे तासाभराचा व्हिडिओ, सेकंदाला ५ मेगाबिटने धरला तर सव्वादोन गीगाबाइट. आज हे काहीच नाही, पण १९९८ मध्ये घरातल्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्कच काही गीगाबाइटची असायची, टीव्हीखालच्या स्वस्त डब्यात ती बसवणं मोठीच गोष्ट होती. म्हणून १९९७ मध्ये हुआ आणि शू यांनी स्कायस्क्रेपर नावाची पद्धत आणली होती, त्यात तुकड्यांची लांबी १, २, २, ५, ५, १२ अशी वाढते आणि बॉक्सला एका वेळी दोनच चॅनल ऐकावे लागतात. ६ चॅनलवर या लांब्यांची बेरीज २७, म्हणजे वाट साधारण साडेचार मिनिटं. फास्टपेक्षा जास्त आहे खरी, पण बॉक्स साधा. आणि फार मोठे तुकडे होऊ नयेत म्हणून लांबीला वरून मर्यादाही घालता येते, त्याने मेमरी वाचते.

फास्ट ब्रॉडकास्टिंगमध्येही अजून उधळपट्टी आहे. एक तुकडा बघायला जितका वेळ लागतो त्याला इथे एक वेळ म्हणू; तुकडा ३ तिथे दर २ वेळांनी जातो, वास्तविक दर ३ वेळांनी गेला तरी चाललं असतं. तुकडा ७ दर ४ वेळांनी जातो, ७ ने चाललं असतं. पारिस, कार्टर आणि लाँग यांनी १९९९ मध्ये पगोडा ब्रॉडकास्टिंगमध्ये हीच जागा भरून काढली. दुसऱ्या चॅनलवर २, ४, २, ५ आणि तिसऱ्यावर ३, ६, ८, ३, ७, ९ असं फिरवलं की ३ चॅनलमध्ये ७ ऐवजी ९ तुकडे बसतात. कुठलाही तुकडा बघा, त्याच्या नंबरापेक्षा जास्त वेळ तो कधीच गायब नसतो. ६ चॅनलवर असे ९९ तुकडे बसतात आणि वाट ७३ सेकंद होते.

हीच कल्पना शेवटपर्यंत ताणली तर? तुकडा २ ला अर्ध्या वेगाचं चॅनल द्या, तुकडा ३ ला एक तृतीयांश वेगाचं, तुकडा १०० ला शंभरावा भाग. प्रत्येक तुकडा आपल्या गरजेपुरता हळू. मग एकूण जागा लागते १ अधिक १/२ अधिक १/३ अधिक १/४ असं करत, गणितातली प्रसिद्ध हार्मोनिक मालिका, म्हणून नाव हार्मोनिक ब्रॉडकास्टिंग, हेही जुहन आणि त्सेंग यांचंच, १९९७ चं. ही मालिका इतकी सावकाश वाढते की ६ चॅनलच्या जागेत २२६ तुकडे मावतात, वाट ३२ सेकंद.

पण यात एक खोट होती आणि ती वर्षभरात पारिस, कार्टर, लाँग यांनीच दाखवून दिली. तुकडा २ अर्ध्या वेगाने येतोय, म्हणजे तो पूर्ण यायला दोन वेळा लागतात. तुम्ही सुरू केलंत तेव्हा नेमका त्याचा दुसरा अर्धा भाग चालला असेल तर तो आधी साठतो, आणि तुकडा १ संपून २ लागतो तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग अर्ध्या वेगाने यायला लागलेला असतो आणि तुम्ही मात्र पूर्ण वेगाने बघताय. मध्येच चित्र थांबणार. त्यांनी दुरुस्त्याही दिल्या, एक म्हणजे प्रेक्षकाला आणखी एक तुकडाभर थांबवायचं, दुसरी म्हणजे साधारण अर्ध्या चॅनलची जागा जास्त घेऊन २ आणि ३ हे तुकडे पूर्ण वेगाने आलटून पालटून पाठवायचे. मला यातून असं वाटतं की सरासरीने हिशेब जुळतो म्हणून समाधान मानू नये, प्रत्येक क्षणी जे लागणार ते हातात आहे का हे तपासायला लागतं.

याच्या खाली जाता येतं का? तळ कुठे आहे तेही काढता येतं. वाट जर "व" इतके सेकंद हवी असेल तर सिनेमाचा पहिला क्षण दर "व" सेकंदांनी एकदा गेलाच पाहिजे, हजारावा सेकंद दर "व" अधिक १००० सेकंदांनी एकदा गेलाच पाहिजे, त्याहून कमी वेळा गेला तर कुणीतरी अडणारच. या सगळ्या गरजांची बेरीज केली की लॉगॅरिदम येतो, आणि दोन तासांच्या सिनेमाला ६ चॅनलच्या जागेत वाट साधारण १८ सेकंदांच्या खाली येऊच शकत नाही असं निघतं. चॅनल एकाने वाढवलं की हा तळ सुमारे २.७ पटीने खाली जातो, ७ चॅनलला साडेसहा सेकंद. डेटाचा वेग कायम सारखा असेल तर हार्मोनिकची कल्पना या अर्थाने सर्वोत्तम आहे हे २००२ मध्ये एंगेब्रेट्सन आणि मधु सुदान यांनी सिद्धही केलं.

प्रत्यक्षात वेग कायम सारखा नसतो. मारामारीच्या प्रसंगाला जास्त डेटा लागतो, दोघं शांत बसून बोलताना कमी, त्यामुळे तुकडे वेळेच्या नाही तर डेटाच्या हिशेबाने कापावे लागतात. पुढे ढकलणं तर फारच अवघड, कारण पुढचा भाग तुमच्या बॉक्समध्ये आलाय की नाही याची काही खात्री नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या पद्धतीत एक माणूस बघत असो की दहा लाख, जागा तेवढीच लागते, म्हणून ज्या सिनेमाला गर्दी आहे त्यालाच हे परवडतं. क्वचित कुणी बघणाऱ्या सिनेमासाठी १९९८ मध्येच पॅचिंग नावाचा वेगळा मार्ग सुचवला गेला होता, आधीच कुणासाठी तरी चालू असलेल्या प्रवाहात नवीन माणसाने सामील व्हायचं, तो प्रवाह साठवत राहायचं आणि जेवढी सुरुवात हुकली तेवढीच फक्त स्वतःसाठी वेगळी मागवायची. वर सांगितलेल्या चॅनल बदलण्याच्या युक्तीचाच हा मोठा भाऊ म्हणा.

आज सिनेमे बहुतेक इंटरनेटवर प्रत्येकाला वेगळा प्रवाह देऊन दाखवतात, त्यामुळे हे सगळं जुनं झालं असं वाटू शकतं. पण एकाच वेळी लाखो लोक तोच व्हिडिओ बघतात तेव्हा तोच डेटा लाखो वेळा पाठवणं हे सरळसरळ नुकसान आहे, म्हणून सामाईक प्रवाह आणि सुरुवातीचा तेवढा भाग वेगळा, अशी सांगड पुन्हा वापरात येतेय.

फक्त लाइव्ह मॅचला यातलं साठवणीचं गणित लागू पडत नाही, कारण पुढचा भाग अजून घडलेलाच नाही, आधी पाठवणार काय? तिथे वाट तुकड्याच्या लांबीवरच ठरते. इंटरनेटवर व्हिडिओ तुकड्यातुकड्याने पाठवायची अ‍ॅपलची २००९ ची एचएलएस पद्धत आधी १० सेकंदांचे तुकडे करायला सांगायची, नंतर ६ सेकंदांचे, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहतो म्हणजे १८ सेकंद उशीर. २०१९ मध्ये त्यांनी तुकडा पूर्ण व्हायची वाट न बघता त्याचे बारीक भाग जसे तयार होतील तसे पाठवायची सोय केली आणि उशीर काही सेकंदांवर आला. मात्र मागे राहायला जितकं कमी अंतर ठेवाल तितका बफर लहान, आणि नेटवर्क जरा अडखळलं की चित्र थांबणार, त्यामुळे ते अंतर किती ठेवायचं हे प्रत्येक सेवेला आपल्या प्रेक्षकांचं नेटवर्क बघून ठरवावं लागतं.